वाशीम पठाराचे भूजल : भूस्तर, विहिरी व शासन यांच्या संबंधाचा ऐतिहासिक विचार

वाशीम तालुक्यात काटा नावाचे एक गाव आहे. या गावाच्या परिसरातील उंचवट्यावर पडणाऱ्या पावसाच्या दोन वाटा होतात. उत्तरेकडे उतरणारे पाणी काटेपूर्णा नदीतून पूर्णेस, पूर्णेतून तापीस व तापीतून अरबी समुद्रास मिळते. आग्नेयेकडे उतरणारे पाणी पूस नदीतून पैनगंगेस आणि पुढे वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या मार्गाने बंगालच्या उपसागरास जाते. एकाच शिवारातील दोन शेतांचे पाणी अशा रीतीने हिंदुस्थानच्या दोन किनाऱ्यांस पोहोचते. भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात जलविभाजकाचे उदाहरण म्हणून ही गोष्ट कुतूहलाची वाटेल. परंतु वाशीम जिल्ह्याच्या इतिहासाच्या दृष्टीने ती मूलभूत महत्त्वाची आहे. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी पैनगंगा वगळता बाहेरचे पाणी या भूमीत आणणारी मोठी नदी नाही. पूस, अडाण, अरुणावती, काटेपूर्णा या नद्यांचा आरंभच या पठारावर वा त्याच्या कडांवर होतो, आणि भरण्यापूर्वीच त्या ते सोडून जातात. तेव्हा येथील वस्तीचा आधार एकच : आपल्या डोक्यावर पडलेला पाऊस आणि त्यातला जो अंश जमिनीखालच्या खडकात वर्षभर टिकेल तेवढा साठा.

हा साठा किती, तो कोठे राहतो आणि त्याविषयी वेगवेगळ्या काळांतील समाजाने व राज्यकर्त्यांनी काय समज करून घेतली, याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष असा की, या पठाराचे पाणी खडकाच्या सीमा पाळते, महसुली सीमा पाळत नाही. आणि ज्या ज्या वेळी शासनाने ही दुसरी सीमा पहिलीच्या जागी धरली, त्या त्या वेळी वाशीमच्या पाण्याचे खरे स्वरूप कागदपत्रांतून नाहीसे झाले.

१. पाईनघाट व बालाघाट

वऱ्हाडचे पाईनघाट आणि बालाघाट असे दोन भाग करण्याची पद्धत जुनी आहे. पाईनघाट म्हणजे घाटाखालचा प्रदेश, सातपुडा व अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये पसरलेले पूर्णेचे सपाट खोरे. बालाघाट म्हणजे घाटावरचा प्रदेश; वाशीम त्यात मोडते. अकबराच्या कारकीर्दीतील वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये वाशीमची गणना स्वतंत्रपणे केलेली ‘आईन-इ-अकबरी’त आढळते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आल्यानंतर काही काळाने वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि वाशीम, मंगरूळ व पुसद हे घाटावरचे तालुके त्यात समाविष्ट झाले. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हा जिल्हा मोडण्यात आला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोला जिल्ह्यास जोडले गेले आणि पुसद यवतमाळकडे गेले. त्यानंतर १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा या सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. मधली ९३ वर्षे ‘वाशीम जिल्हा’ हे नाव सरकारी कोष्टकांत नव्हते.

ही केवळ कचेऱ्यांच्या फेरबदलाची हकीकत असती, तर भूजलाच्या चर्चेत तिला स्थान नव्हते. परंतु १९०५ च्या रचनेने भूस्तरदृष्ट्या अगदी भिन्न असे दोन प्रदेश एका जिल्ह्यात आले. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत. त्यांत पाणी सापडते, पण विस्तृत भागात ते खारे आहे. आज ज्यास ‘खारपाणपट्टा’ म्हणतात तो अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला प्रदेश हाच. घाटावर स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तेथे पाणी सामान्यतः गोडे आहे. मात्र ते कठीण खडकाच्या वरच्या पातळ थरात, थोडे आणि विखुरलेले आहे. खाली प्रश्न पाण्याच्या गुणाचा, तर वर तो परिमाणाचा. अशा दोन प्रदेशांची सरासरी काढली असता मिळणारा आकडा दोहोंपैकी एकासही लागू पडत नाही. अकोला जिल्ह्याच्या विहिरींची, बागायतीची व पीकपाण्याची जी कोष्टके त्या ९३ वर्षांत तयार झाली, त्यांचा उपयोग करताना अभ्यासकाने हा दोष प्रथम लक्षात घ्यावयास हवा. पाईनघाट-बालाघाट हा जुना भेद कोणी शास्त्रीय पाहणी करून ठरविलेला नव्हता. तरीही १९०५ च्या सीमेपेक्षा तो खडकाशी अधिक इमान राखणारा होता, असे म्हणणे भाग आहे.

भूशास्त्रीय संशोधनाचे लक्षही आरंभी खालच्या खोऱ्याकडेच गेले. दख्खनच्या या काळ्या खडकाचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३३ मध्ये केले. त्यास रूढ झालेले ‘ट्रॅप’ हे नाव पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेले असून, डोंगरउतारांवर दिसणाऱ्या पायऱ्यांसारख्या टप्प्यांस ते समर्पक आहे. १८५१ मध्ये भारतीय भूविज्ञान सर्वेक्षण खात्याची स्थापना झाल्यावर डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी पश्चिम व मध्य भारतातील या खडकाचा विस्तृत अभ्यास १८६७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच खात्याच्या ए. बी. विन यांचे १८६९ मधील टिपण पश्चिम वऱ्हाडातील पूर्णेच्या खोऱ्याविषयी होते. खोऱ्यातील गाळाचे थर व खाऱ्या विहिरी यांनी भूशास्त्रज्ञांचे कुतूहल जागविले, हे स्वाभाविक होते. घाटावरचा एकसारखा दिसणारा काळा खडक त्या मानाने नीरस वाटला असल्यास नवल नाही. परंतु वाशीमच्या पाण्याचे सर्व रहस्य त्या एकसारख्या दिसणाऱ्या खडकाच्या आतील भेदांत आहे.

२. खडकाची घडण व साठ्याचे माप

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून लाव्हारसाचे प्रवाह एकामागून एक बाहेर पडले आणि थिजले. त्यांच्या जवळजवळ क्षितिजसमांतर थरांनी वाशीमचे पठार बनलेले आहे. प्रत्येक थराची घडण साधारणतः सारखी असते. खालचा व मधला भाग घट्ट, काळा व भेगाळलेला. वरच्या भागात लाव्हारसातील वायू अडकून राहिल्याने पडलेल्या असंख्य पोकळ्या. पुष्कळ ठिकाणी या पोकळ्या पुढे खनिजांनी भरून गेल्या आहेत. दोन प्रवाहांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीसारखा थर सापडतो. एक प्रवाह थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंतच्या अवधीत झालेल्या विदारणाची ती खूण होय. विहीर खणणाऱ्यांच्या भाषेत या सर्वांस नावे आहेत : वरची काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग पोकळ्यांचा मऊ खडक वा मांजऱ्या, मध्ये कोठे गेरूसारखा तांबडा पट्टा आणि शेवटी काळा पाषाण. भूशास्त्राचा ग्रंथ न वाचलेल्या विहीरखोदणाऱ्यास हा क्रम अनुभवाने ठाऊक असतो, आणि काळा पाषाण लागला की काम थांबवावे की सुरुंग लावून पुढे जावे, याचा निर्णय तो त्यावरच घेतो.

या क्रमातील मुरूम, भेगा पडलेला खडक आणि पोकळ्या परस्परांना जोडलेला मांजऱ्या यांतच पाणी राहते. घट्ट काळ्या पाषाणात स्वतःची सच्छिद्रता जवळजवळ नसते. तेथे पाणी मिळाले तर ते भेगेत किंवा दोन प्रवाहांच्या सांध्यात मिळते. वाळूच्या जाड थरात पाणी सर्वत्र भरलेले असते. येथे ते फटींमध्ये सापडते. एका शेतातील विहिरीस भरपूर पाणी आणि शंभर हातांवरील दुसरी कोरडी, ही घाटावरची नित्याची गोष्ट या कारणाने घडते. त्यात दैवाचा वा पाणाड्याच्या विद्येचा भाग कमी आणि भेगांच्या रचनेचा भाग अधिक आहे.

साठ्याचे परिमाण किती अल्प आहे, याची कल्पना थोड्या गणिताने येते. भूजल मूल्यमापन समितीने १९९७ मध्ये सुचविलेल्या प्रमाणांनुसार विदारित किंवा पोकळ्यांच्या, भेगाळ बेसाल्टमधून प्रत्यक्ष निघू शकणारे पाणी त्या खडकाच्या घनफळाच्या १ ते ३ टक्के, सर्वसाधारणतः २ टक्के धरतात. वाळूच्या गाळात हेच प्रमाण सुमारे १६ टक्के असते. आता एक हेक्टर जमीन घेतली आणि तिच्याखालच्या खडकात एक मीटर जाडीचा थर पाण्याने पूर्ण भरलेला आहे असे मानले, तर त्यातून निघणारे पाणी अवघे २०० घनमीटर होते. त्याच एका हेक्टरमधील पिकास ५० मिलिमीटरची एक पाळी द्यावयाची झाल्यास ५०० घनमीटर पाणी लागते. म्हणजे एका पाळीसाठी त्या शेताखालची पातळी अडीच मीटर उतरते. रब्बीच्या गव्हास अशा अनेक पाळ्या द्याव्या लागतात. यावरून सर्व शेते आपापल्या खालच्या पाण्यावर बागायत करू शकणार नाहीत, हे उघड होते. एका शेताची बागायत ही नेहमीच शेजारच्या काही शेतांच्या पाण्यावर उभी असते.

भरण्याच्या बाजूचे गणितही असेच उद्बोधक आहे. त्याच समितीच्या प्रमाणांनुसार विदारित बेसाल्टच्या प्रदेशात पावसाचा सुमारे ७ टक्के, तर पोकळ्यांच्या भेगाळ बेसाल्टच्या प्रदेशात सुमारे १३ टक्के अंश भूजलास मिळतो. ८०० मिलिमीटर पावसाचे वर्ष धरले, तर पहिल्या ठिकाणी ५६ व दुसऱ्या ठिकाणी १०४ मिलिमीटर पाणी खाली उतरते. दोन टक्क्यांच्या हिशेबाने भूजलपातळी अनुक्रमे २.८ व ५.२ मीटर वर येते. एका पावसाळ्याची कमाई ती एवढीच. एक-दोन पाळ्यांत तिचा शेवट होतो. काही पाणी पिकांच्या मुळांतून पुन्हा खाली झिरपते, काही झऱ्यांच्या वाटे ओढ्यांना जाते. परंतु मूळ निष्कर्ष त्यामुळे बदलत नाही. वाशीमचे भूजल हे पिढ्यान्‌पिढ्यांचे संचित धन नसून दर वर्षी मिळणारे व दर वर्षी संपणारे वेतन आहे. पुढील इतिहासाकडे या मापाने पाहावयाचे आहे.

३. तळी, तीर्थे व दंतकथा

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने स्थापन केलेल्या वाकाटकांच्या शाखेची ही राजधानी होती. याच शाखेतील देवसेन राजाच्या काळातील एक शिलालेख वाशीमजवळील हिस्से-बोराळा येथे मिळाला असून त्यावर शके ३८०, म्हणजे इ. स. ४५८ च्या सुमाराचा काळ दिलेला आहे. वाकाटकांच्या लेखांत राज्यवर्षे देण्याचा प्रघात असल्याने शककालाचा हा उल्लेख कालनिर्णयाच्या दृष्टीने मोलाचा ठरला आणि अभ्यासकांची बहुतेक चर्चा त्या दिशेने झाली. परंतु लेखाचा विषय काय, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. देवसेनाचा आज्ञाधारक अधिकारी स्वामिल्लदेव याने ‘सुदर्शन’ नावाचे तळे बांधविल्याची नोंद त्यात आहे. वाशीम परिसराचा सनवार सांगता येणारा हा प्राचीन पुरावा एका जलाशयाचा आहे.

तळ्याचे नावही विचार करावयास लावणारे आहे. सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधलेल्या तळ्याचे नाव ‘सुदर्शन’च होते. शके ७२ मध्ये, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, रुद्रदामनाने त्याचा फुटलेला बंधारा दुरुस्त केला. पुढे स्कंदगुप्ताच्या काळी तो पुन्हा फुटला आणि चक्रपालिताने इ. स. ४५६ च्या सुमारास तो नव्याने बांधविला. वाशीमचे सुदर्शन त्यानंतर एक-दोन वर्षांतच झाले. दोन्ही घटनांचा प्रत्यक्ष संबंध होता असे म्हणण्यास आधार नाही. तथापि तळे बांधणे हे राजधर्माचे अंग आहे आणि त्यास प्रतिष्ठित नाव द्यावयाचे, ही कल्पना त्या काळी दूरवर रूढ होती, एवढे निश्चित दिसते. भूजलाच्या दृष्टीने अशा तळ्याचा लाभ दुहेरी असतो. पृष्ठभागावरचे पाणी गुरांना व माणसांना मिळते, आणि तळातून हळूहळू झिरपणारे पाणी खालच्या अंगाच्या विहिरींना पोसते. पंधराशे वर्षांनंतर दुष्काळी कामांवर जे पाझर तलाव बांधले गेले, त्यांचे तत्त्व याहून वेगळे नव्हते.

दंतकथांचा पुरावा जपून वापरावयाचा असतो. परंतु या जिल्ह्यातील तीन गावांच्या कथा एकत्र ठेवल्या असता त्यांतील साम्य डोळ्यांत भरते. वाशीमची कथा अशी की, कुष्ठाने पीडित झालेला वासुकी राजा गावाबाहेरील कुंडात स्नान केल्याने बरा झाला. त्याने ते कुंड विस्तृत केले आणि तेच पद्मतीर्थ होय. कारंज्याची कथा अशी की, व्याधिग्रस्त करंज ऋषींनी अंबेची आराधना केली, तेव्हा देवीने त्यांच्यासाठी तळे निर्माण केले आणि त्यात स्नान करून ते निरोगी झाले. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाविषयीच्या जैन परंपरेतही एलिचपूरच्या राजाचा कुष्ठरोग तेथील पाण्याने बरा झाल्याचे आणि त्या पाण्यातून मूर्ती वर काढल्याचे सांगतात. ब्राह्मणी, शाक्त व जैन अशा तीन भिन्न परंपरांनी एकाच पठारावरील तीन गावांची स्थापना आटणाऱ्या नद्यांशी न जोडता टिकणाऱ्या कुंडांशी जोडावी, हे सहज घडलेले नसावे. रोगमुक्त झालेले राजे ऐतिहासिक असोत वा नसोत, उन्हाळ्यात न आटणारे पाणी या भूमीवर आश्चर्याची वस्तू होती आणि अशा जागा खडकाने निवडून दिलेल्या होत्या. माणसाने तेथे घाट व देऊळ बांधले. अठराव्या शतकात भोसल्यांच्या पदरी असलेल्या भवानी काळू यांनी वाशीमचे बालाजी मंदिर उभारले, तेव्हा त्याबरोबर तलावही बांधविला. देवस्थान व जलाशय यांची ही जोडी त्या परंपरेस धरूनच होती.

४. विहिरींची मोजणी

इंग्रजी अमदानीत १८६१ पासून वऱ्हाडात मुंबईच्या पद्धतीने महसुली मोजणी सुरू झाली आणि जमिनीचे जिरायत व बागायत असे वर्ग कागदावर आले. ए. सी. लायल यांनी १८७० मध्ये सिद्ध केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर आणि १९१० चे अकोला जिल्ह्याचे गॅझेटियर ही त्या काळची प्रमुख साधने होत. महसुली व्यवस्थेच्या दृष्टीने विहीर ही जमिनीच्या मोलात भर घालणारी वस्तू होती. ती कोणाच्या गट क्रमांकात आहे, तिच्यावर किती मोटा चालतात, तिच्याखाली किती क्षेत्र भिजते, याची नोंद आवश्यक होती. ती कोणत्या थरात खणली आहे आणि तिचे पाणी कोठून येते, याची नोंद करण्याचे कारण नव्हते. विहिरी मोजल्या गेल्या. पाणी मोजले गेले नाही.

याचे परिणाम तत्काळ जाणवले नाहीत, त्यास दोन कारणे होती. पहिले कारण पिकाचे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१–६५) काळात वऱ्हाडच्या कापसास जी मागणी आली, तिने घाटावरची काळी जमीनही कापसाखाली आणली. कापूस व ज्वारी ही पिके पावसाच्या ओलीवर येत. विहिरीचे पाणी पिण्यासाठी, भाजीपाल्यासाठी, मिरची, ऊस वा पानमळ्याच्या लहान तुकड्यासाठी लागे. दुसरे कारण साधनाचे. मोटेने उपसा होई, तोवर बैलांची शक्ती हीच उपशाची मर्यादा होती. पाणी खोल गेले की धाव लांबवावी लागे, दिवसाच्या मोटा कमी होत, आणि एका ठरावीक खोलीनंतर बागायत परवडेनाशी होई. कोणत्याही कायद्यावाचून पातळीचे रक्षण होत असे.

१८९६–९७ व १८९९–१९०० या दुष्काळांनी मात्र त्या व्यवस्थेचे दौर्बल्य उघड केले. १८९१ मध्ये सुमारे ३ लक्ष ९८ हजार असलेली वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे ३ लक्ष ५३ हजारांवर आली. दहा वर्षांत घट ११ टक्के. ही घट केवळ तहानेमुळे झाली, असे कोणी म्हणणार नाही. अन्नधान्याची महागाई, मजुरीचा अभाव व साथीचे रोग यांचा वाटा मोठा होता. परंतु ज्या प्रदेशाचा भूजलसाठा एका पावसाळ्याच्या कमाईवर अवलंबून आहे, तेथे पावसाचे एक वर्ष चुकले की विहीरही चुकते, हे या काळाने दाखवून दिले. त्यानंतर नेमलेल्या हिंदी पाटबंधारे आयोगाने (१९०१–०३) खाजगी विहिरींस कर्ज देऊन उत्तेजन द्यावे, अशी शिफारस केली. १८८३ च्या जमीनसुधारणा कर्ज कायद्याने तगाईची वाट आधीच मोकळी झाली होती. गंगा-यमुनेच्या गाळात जो उपाय रास्त होता, तो बेसाल्टच्या पठारावर कोठवर चालेल, या प्रश्नाचे उत्तर देण्याइतके मोजमाप त्या वेळी उपलब्ध नव्हते. याच सुमारास, १९०५ मध्ये, वाशीम जिल्हा मोडला आणि त्या उत्तराचा शोध घेण्यास योग्य असा घटकच उरला नाही.

५. कायद्यातील पाणी

भूजलाच्या मालकीविषयीची कल्पनाही याच काळात निश्चित झाली. इंग्लंडमधील न्यायालयाने १८४३ मध्ये ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल या खटल्यात असे ठरविले की, जमिनीखालून अज्ञात मार्गाने झिरपणाऱ्या पाण्यावर त्या जमिनीच्या मालकाचा अनिर्बंध अधिकार आहे. त्याच्या खोदकामाने शेजाऱ्याची विहीर आटली तरी शेजाऱ्यास दाद नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ यातील सातव्या कलमाच्या उदाहरणांत हेच तत्त्व आले. त्याचे समर्थन असे होते की, भूमिगत पाण्याचे मार्ग गूढ आहेत, म्हणून त्यांविषयी हक्क व कर्तव्ये ठरविणे शक्य नाही.

अज्ञानावर आधारलेला हा नियम ज्ञान वाढल्यानंतरही टिकून राहिला. वर दिलेल्या गणितावरून पाहता, बेसाल्टच्या प्रदेशात स्वतःच्याच जमिनीखालचे पाणी उपसणारा बागायतदार ही कल्पना वस्तुस्थितीस सोडून आहे. कायद्याने प्रत्येक सातबाऱ्याखाली एक स्वतंत्र हौद गृहीत धरला. खडकात तसा हौद नाही. मोटेच्या काळात या विसंगतीने फारशी हानी झाली नाही. विजेचा पंप व खोल विंधन विहीर आल्यावर ती सर्वांत दुबळ्या शेतकऱ्याच्या दारी येऊन उभी राहिली, कारण पातळी उतरते तेव्हा प्रथम कोरडी पडते ती उथळ विहीर, आणि उथळ विहीर ज्याची असते त्याच्याजवळ ती खोल करण्यास पैसा नसतो.

६. १९७२ नंतर

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या भूजलाच्या इतिहासात युगांतर करणारा ठरला. दाबाच्या हवेवर चालणारी, कठीण खडक भेदणारी यंत्रे त्यापूर्वी काही वर्षे देशात येऊ लागली होती. दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी त्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. विंधन विहिरीवर टिकेल असा हातपंप घडविण्याचे प्रयोग बेसाल्टच्याच प्रदेशात, जालना व सोलापूर येथे झाले आणि त्यांच्या आधारे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप देशभर प्रसृत झाला. गावातील स्त्रियांची उन्हाळ्यातील पायपीट त्याने कमी केली, हे त्याचे श्रेय निःसंशय आहे. हातपंपाचा उपसा अल्प असतो. भेगेतील थोडे पाणी त्यास पुरते. त्याच दशकाच्या आरंभी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, तर केंद्रात १९७० मध्ये केंद्रीय भूजल मंडळ स्थापन झाले. निरीक्षण विहिरी ठरवून पातळीची नियमित नोंद सुरू झाली आणि राज्याची दीड हजारांच्या आसपास पाणलोट क्षेत्रांत विभागणी करून हिशेब मांडला जाऊ लागला. विहिरी मोजण्याऐवजी पाणी मोजण्याचा हा खरा प्रारंभ होय.

परंतु पिण्यासाठी आणलेले यंत्र पुढे शेतीकडे वळले. त्याने एक नवी समजूत रूढ केली : पाणी कमी पडले तर अधिक खोल जावे. गाळाच्या प्रदेशात या समजुतीस काही आधार आहे. बेसाल्टमध्ये विदारित थराच्या खाली जसजसे जावे तसतशा भेगा विरळ व बंद होत जातात, आणि खोलीबरोबर पाणी वाढण्याची शाश्वती राहत नाही. कधी दोन प्रवाहांच्या सांध्यात पाणी लागते; परंतु त्याची भरपाई वरूनच, त्याच पातळ थरातून होत असल्याने ते नवे पाणी नसते. काही वेळा तर खोल विंधन वरच्या थरातील पाण्यास खालच्या रिकाम्या पोकळ्यांची वाट मोकळी करून देते, आणि आसपासच्या उथळ विहिरी उतरतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने विंधन विहीर हा अनेकदा कर्ज काढून खेळलेला जुगार ठरतो. त्यातील हार त्याची एकट्याची असते. जिंकल्यास मात्र खर्च शेजाऱ्याच्या विहिरीवर पडतो.

कायद्याने या स्थितीची दखल टप्प्याटप्प्याने घेतली. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने बंधन घातले. १ जून २०१४ पासून अमलात आलेल्या २००९ च्या महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियमाने याहून पुढे जाऊन पाणलोट क्षेत्र व जलधर स्तर हा व्यवस्थापनाचा घटक मानला आणि शेती व उद्योगासाठी ६० मीटर वा त्याहून अधिक खोल विहिरींस प्रतिबंध केला. १८८२ च्या कल्पनेशी याची तुलना केली असता बदल किती मूलगामी आहे, हे कळते. अज्ञात मार्गाने जाणारे पाणी आता ज्ञात मानले गेले आहे आणि त्यावर एका मालकाच्या जागी एका पाणलोटातील सर्वांचा विचार आला आहे. मात्र रात्रीतून शेकडो फूट विंधन करणाऱ्या यंत्रावर गावपातळीवर देखरेख ठेवणे कायदा करण्याइतके सोपे नाही.

७. उपसंहार

आजचा वाशीम जिल्हा हा १९०५ पूर्वीच्या जिल्ह्याची तंतोतंत पुनर्स्थापना नव्हे. पुसद त्यात नाही; पूर्वी अमरावती जिल्ह्यात असलेले कारंजे त्यात आहे. तरीही अकोल्याच्या गाळाच्या खोऱ्यापासून हे पठार पुन्हा वेगळे मोजले जाऊ लागले, ही भूजलाच्या अभ्यासास उपकारक गोष्ट होय. याच्याही पुढे जाऊन हा जिल्हा स्वतःच दोन खोऱ्यांत विभागलेला आहे, याचे स्मरण ठेवावे लागेल. काट्याच्या उंचवट्यावरील दोन विहिरी एकाच तलाठ्याच्या दप्तरात असतील. त्यांचे ओढे मात्र निरनिराळ्या समुद्रांस जातात, आणि एका अंगाला केलेल्या बांधबंदिस्तीचा लाभ दुसऱ्या अंगाच्या गावास होत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास या विषयात करण्यासारखे काम पुष्कळ आहे. जुनी महसुली कागदपत्रे हैदराबाद, नागपूर व मुंबई अशा बदलत्या राजधान्यांच्या अभिलेखांत विखुरली असली, तरी गावोगावच्या दगडी बांधणीच्या विहिरी जागेवर आहेत. त्यांचा तळ कोणत्या थरावर थांबला आहे, पायऱ्या कोठवर उतरतात, दुष्काळात त्या किती वेळा खोल केल्या गेल्या आणि वरच्या जुन्या बांधकामाखाली सुरुंगाच्या खुणा कोठून सुरू होतात, हे मोजून टिपले तर प्रत्येक विहीर पातळीच्या शतकभराच्या चढउतारांची नोंद ठरेल. ही नोंद कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाही. अशा विहिरी वापराबाहेर जाऊन बुजविल्या जात असल्याने ती लवकर घेतली जाणे अगत्याचे आहे.

स्वामिल्लदेवाने तळे बांधविले तेव्हा त्याच्याजवळ टक्केवारीची प्रमाणे नव्हती. या पठारावर पाणी अडविल्यावाचून राहत नाही, एवढे त्यास ठाऊक होते. त्यानंतरच्या काळात पाणी उपसण्याची साधने अनेक पटींनी वाढली. खडकाची धारणाशक्ती मात्र शेकडा दोनच राहिली. वाशीमच्या पाण्याचा कोणताही हिशेब या आकड्यापासून सुरू व्हावा लागेल.